‘हुतात्मा’ कोणास म्हणावें?

महाराष्ट्रांतील सुशिक्षित घरांत ‘हुतात्मा’ हा शब्द वर्षांतून निदान तीनदां तरी कानांवर पडतो. १९४८ सालीं ३० जानेवारीस महात्मा गांधी गोळ्या लागून पडले, म्हणून त्या दिवशीं सकाळीं अकरा वाजतां देशभर दोन मिनिटें स्तब्धता पाळतात. २३ मार्चला, १९३१ सालीं लाहोरच्या तुरुंगांत फांशीं गेलेल्या भगतसिंग, राजगुरु व सुखदेव यांचें स्मरण होतें. आणि २१ नोव्हेंबरला, १९५५ सालीं मुंबईंत फ्लोरा फाउंटनपाशीं झालेल्या गोळीबाराची आठवण ठेवून तेथील स्मारकावर फुलें वाहिलीं जातात. अशा एखाद्या दिवशीं घरांतील चौकस मूल वडील माणसांस विचारतेंच, कीं हुतात्मा म्हणजे काय? ‘देशासाठीं मेला तो हुतात्मा’, असें उत्तर बहुधा त्यास मिळतें. उत्तर सोपें आहे. परंतु तें पुरतें खरें नाहीं.

कारण तेंच मूल चार दिवसांनीं वर्तमानपत्र वाचूं लागलें, म्हणजे गोंधळून जातें. सीमेवरचा शिपाई पडला, तर तो ‘शहीद’. निवडणुकीच्या मारामारींत एखाद्या पक्षाचा कार्यकर्ता मेला, तर त्याच्या पक्षाच्या लेखीं तो ‘हुतात्मा’. पूल कोसळून दहा माणसें दगावलीं, तर तीं ‘बळी’. आणि त्याच माणसांची सभा भरली, कीं फलकावर तींच ‘हुतात्मे’ होतात. शब्द असा सर्वांना सारखाच वांटला गेला, कीं त्यांतील अर्थ पातळ होतो. आणि ज्यांनीं तो अर्थ आपल्या प्राणांनीं भरला, त्यांच्यावर एक प्रकारें अन्याय होतो. म्हणून या शब्दाचें कूळ आणि त्याची मर्यादा यांचा थोडा विचार आपण वाचकांच्या सोबतीनें करूं.

साक्ष देणारा

ज्या इंग्रजी शब्दासाठीं आपण ‘हुतात्मा’ हा शब्द योजतों, तो ‘मार्टर’ हा शब्द मूळ ग्रीक आहे. ग्रीक भाषेंत त्याचा अर्थ केवळ ‘साक्षी’ एवढाच होता. न्यायसभेंत उभा राहून ‘मी हें पाहिलें, मी हें जाणतों’ असें सांगणारा तो साक्षी. त्याच्या मरणाचा त्यांत कोठेंही संबंध नव्हता. पुढें रोमन साम्राज्यांत ख्रिस्ती लोकांचा छळ होऊं लागला, तेव्हां आपली श्रद्धा अधिकाऱ्यांपुढें बोलून दाखविणें आणि त्यापायीं प्राणास मुकणें या दोन गोष्टी एकमेकींस इतक्या जडल्या, कीं साक्षी हाच शब्द प्राण देणाऱ्याचें नांव होऊन बसला.

या अर्थांतराचें एक जुनें उदाहरण स्मर्ना नगरींतील पॉलिकार्प नांवाच्या वृद्ध धर्माध्यक्षाचें आहे. हें नगर म्हणजे आजच्या तुर्कस्तानांतील इझ्मीर. दुसऱ्या शतकाच्या मध्याच्या सुमारास त्यास पकडण्यांत आलें. सम्राटाची शपथ घे आणि आपल्या धन्याचा धिक्कार कर, म्हणजे सुटशील, असें त्यास सांगण्यांत आलें. त्यानें तें मानलें नाहीं व त्यास जाळण्यांत आलें. हा वृत्तांत त्याच्या मंडळीनें लिहून ठेवला आहे, आणि त्यांत एक मार्मिक गोष्ट आहे. क्विंटस नांवाचा एक गृहस्थ आपण होऊन अधिकाऱ्यांपुढें गेला, आणखी कांहींजणांस त्यानें आपल्याबरोबर ओढलें. पण श्वापदें पाहतांच त्याचें धैर्य खचलें आणि त्यानें सम्राटास नमन केलें. लिहिणारे म्हणतात, कीं अशी हौसेनें मरणाला सामोरें जाण्याची रीत आम्हांस मान्य नाहीं. म्हणजे मरण शोधीत फिरणें हें तेव्हांही या पदवीचें लक्षण मानलें जात नव्हतें. सत्य सोडावयाचें नाहीं, हें मुख्य. मरण आलें तर तें त्याच्या मागून आलेलें. छळ सोसून जे जिवंत राहिले, त्यांना त्या मंडळीनें वेगळें नांव दिलें व त्यांचाही मान राखला.

अरबी भाषेंतही नेमकी हीच वाट दिसते. ‘शहीद’ शब्दाचा धातु पाहणें, साक्ष देणें या अर्थाचा आहे. ‘शहादत’ म्हणजे साक्ष, आणि शहादत म्हणजेच धर्मासाठीं आलेलें मरण. फारसींतून हा शब्दसमूह आपल्याकडे आला, तेव्हां जुन्या मराठींत ‘शाहिदी’ याचा अर्थ साक्ष, पुरावा असाच होता. पंजाबांत शीख पंथानें हा शब्द आपलासा केला. १६०६ सालीं लाहोरास गुरु अर्जुनदेव आणि १६७५ सालीं दिल्लीस गुरु तेगबहादूर यांनीं प्राण दिले, ते तेथें शहीदच म्हणविले जातात.

केरळांत तर या शब्दाचें सरळ भाषांतरच झालें. मल्याळम भाषेंत मार्टर म्हणजे ‘रक्तसाक्षी’, म्हणजे आपल्या रक्तानें साक्ष देणारा. हा शब्द ख्रिस्ती उपासनेंत जसा चालतो, तसाच तेथील साम्यवादी पक्ष आपल्या पडलेल्या कार्यकर्त्यांच्या स्तंभांवरही कोरतो. मराठी ख्रिस्ती लेखनांतही तो आढळतो, आणि त्यास महाराष्ट्रांत एक जुना आधारही आहे. वसईंत जन्मलेला गोन्सालो गार्सिया हा धर्मबंधु जपानांत गेला आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकी येथें इतर पंचवीस जणांसह क्रुसावर चढविला गेला. १८६२ सालीं रोमच्या पीठानें त्यास संतपद दिलें. वसईच्या भूमींतील हा पुरुष शब्दशः रक्तसाक्षी होय.

धारातीर्थ आणि वीरगळ

आपल्या पूर्वजांजवळ या अर्थाचा शब्द होता काय? शूरांच्या मरणासाठीं मराठींत शब्दांची वाण कधींच नव्हती. बखरकार लिहितात, कीं अमुक सरदार ‘कामीं आले’, तमुक ‘धारातीर्थीं पडले’. तरवारीची धार हेंच तीर्थ आणि तेथें देह ठेवणें हेंच तीर्थमरण, ही कल्पना किती उदात्त आहे! शिवाय गांवोगांवच्या देवळांच्या आवारांत वीरगळ उभे आहेत. ‘गळ’ हा कानडी ‘कल्लु’ म्हणजे दगड या शब्दाचा अवशेष. वीरगळ म्हणजे वीराचा दगड. बहुतेक वीरगळांवर खालच्या चौकटींत लढाई, पुष्कळदां गाईगुरें हांकून नेणाऱ्यांशीं झालेली चकमक, कोरलेली असते. मधल्या चौकटींत अप्सरा त्या वीरास घेऊन जातात. वरच्या चौकटींत तो शिवलिंगाची पूजा करीत बसलेला असतो. आणि शेवटीं चंद्रसूर्य, म्हणजे ते आहेत तोंवर याची कीर्ति राहो. मुंबईस बोरिवलीजवळ एकसर येथील वीरगळांवर तर जहाजांची लढाई कोरलेली आहे.

परंतु बारकाईनें पाहिलें, तर हे सर्व शब्द आणि शिळा पराक्रमाचा गौरव करतात. गांवचीं गुरें राखणारा गडी आणि पानपतावर पडलेला सरदार, दोघेही हत्यार हातीं घेऊन पडले. निःशस्त्र उभा राहून, ‘मला जें खरें वाटतें तें मी सोडणार नाहीं’ एवढेंच म्हणणारा, आणि त्यासाठीं मारला जाणारा मनुष्य या शब्दांत मावत नाहीं. विसाव्या शतकांत अशीं माणसें देशांत शेंकड्यांनीं निपजूं लागलीं, तेव्हां मराठीस नवा शब्द हवा होता.

अग्नींतील आहुति

तो शब्द ‘हुतात्मा’. मार्टर व शहीद यांच्या जागीं हा शब्द मराठींत रूढ करण्याचें श्रेय वि. दा. सावरकर यांच्या भाषाशुद्धीच्या चळवळीस देतात. सावरकरांच्या राजकारणाविषयीं वाचकांचें मत कांहींही असो. त्यांचे अनेक प्रतिशब्द आपण सर्वच रोज वापरतों, आणि त्यांतील हा एक अत्यंत अर्थपूर्ण आहे.

‘हु’ म्हणजे अग्नींत अर्पण करणें. ‘हुत’ म्हणजे अर्पण केलेलें. ज्यानें आत्मा हुत केला, म्हणजे स्वतःचीच आहुति दिली, तो हुतात्मा. महात्मा, पुण्यात्मा यांप्रमाणेंच हा बहुव्रीहि समास आहे. म्हणून संस्कृत व्याकरणाप्रमाणें तो स्त्रियांसही याच रूपांत लागतो, त्यास वेगळें स्त्रीलिंगी रूप करण्याचें कारण नाहीं. हल्लीं फलकांवर ‘हूतात्मा’ असें दीर्घ ‘हू’ घालून लिहिलेलें दिसतें, तें मात्र चुकीचें. ‘हूत’ म्हणजे हांक मारलेला, बोलाविलेला. तें निराळें. भाववाचक नाम ‘हौतात्म्य’.

आमच्या वाचकांच्या घरांत हा ‘हुत’ शब्द परका नाहीं. भोजनापूर्वीं पुष्कळ घरीं म्हटल्या जाणाऱ्या गीतेच्या चौथ्या अध्यायांतील श्लोकांत तो आहे. ज्यांच्याकडे वैश्वदेव किंवा वास्तुशांतीचा होम झाला आहे, त्यांनीं यजमानास आहुति देतांना पाहिलें आहे. त्या विधीचीं अंगें लक्षांत घेतलीं, म्हणजे हुतात्मा शब्दाची मर्यादा आपोआप स्पष्ट होते.

पहिलें अंग संकल्पाचें. होमाच्या आरंभीं यजमान आपण काय व कशासाठीं करतों तें उच्चारतो. संकल्पावांचून टाकलेली समिधा ही केवळ जळणाची काडी. दुसरें अंग स्वामित्वाचें. जें आपलें आहे तेंच अर्पण करतां येतें. शेजाऱ्याच्या घरचें तूप आणून दिलेल्या आहुतीचें पुण्य यजमानास लागत नाहीं. तिसरें अंग त्यागाचें. आहुति सोडतांना यजमान, ‘हें आतां माझें नव्हे’, अशा अर्थाचे शब्द बोलतो. फळावरचा हक्कही त्यानें सोडलेला असतो. संकल्प, स्वामित्व आणि त्याग ही तिन्ही अंगें ज्या मरणांत आहेत, तेंच हौतात्म्य. ग्रीक-अरबी शब्दांचें तत्त्व साक्ष हें आहे, आपल्या शब्दाचें तत्त्व आहुति हें आहे. आणि अग्नि हा आपल्याकडे आहुति घेणाराही आहे व लग्नकार्यांत साक्षीही आहे. म्हणून दोन्ही कल्पना आपल्या मनांत सहज एकत्र नांदूं शकतात.

या कसोटीस पूर्णपणें उतरणारें उदाहरण हवें असेल, तर तें बाबू गेनूचें घ्यावें. पुणें जिल्ह्यांतील म्हाळुंगे पडवळ गांवचा हा तरुण मुंबईंत गिरणींत काम करी. १२ डिसेंबर १९३० रोजीं काळबादेवीच्या रस्त्यावर विलायती कापडाचा ट्रक अडविण्यासाठीं तो पुढें झाला आणि त्या ट्रकखालीं सांपडून मरण पावला. हातांत शस्त्र नाहीं, नांवलौकिक नाहीं. संकल्प मात्र स्वच्छ. तसाच नंदुरबारचा शिरीषकुमार मेहता. ९ सप्टेंबर १९४२ रोजीं तिरंगी झेंडा हातीं घेऊन मिरवणुकींत चालतांना पोलिसांच्या गोळ्यांनीं तो आणि त्याचे चार सोबती पडले. शिरीषकुमार त्या वेळीं अवघा पंधरा वर्षांचा होता.

शब्द आपला धर्म ओलांडतात

येथें एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. हुतात्मा शब्द यज्ञांतून आला, म्हणून तो एकाच धर्माच्या माणसांपुरता राहिला काय? मुळींच नाहीं. सोलापुरांत १९३० सालच्या मे महिन्यांत लष्करी कायदा पुकारला गेला आणि पुढें १२ जानेवारी १९३१ रोजीं येरवड्याच्या तुरुंगांत चौघांस फांशीं देण्यांत आलें. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन हे ते चौघे. सोलापूर शहर या चौघांना एकाच मानानें ‘हुतात्मे’ म्हणतें. कुर्बान हुसेन यांच्या नांवांतच अर्पणाचा अर्थ आहे, आणि यज्ञाच्या परिभाषेंतला मराठी शब्द त्यांच्या नांवामागें लावतांना कोणासही अवघडल्यासारखें होत नाहीं.

याच्या उलट बाजूनें पाहा. ज्या भगतसिंगांनीं १९३० सालीं तुरुंगांत बसून आपण नास्तिक कां आहों हें सविस्तर लिहिलें, त्यांच्या नांवामागें सारा देश ‘शहीद’ हा धर्मश्रद्धेंतून आलेला शब्द लावतो. शब्द एकदां लोकांच्या कृतज्ञतेंत न्हाऊन निघाला, म्हणजे तो कोणत्या देवळांतून किंवा मशिदींतून आला हें कोणी विचारीत नाहीं. म्हणूनच ‘शहीद’ म्हणणाऱ्यास परका आणि ‘हुतात्मा’ म्हणणाऱ्यास संकुचित ठरविण्याचा वाद आम्हांस निष्फळ वाटतो. शब्द कोणताही असो, तो योग्य माणसास लागला कीं नाहीं, हा खरा प्रश्न.

मारणारा आणि मरणारा

आतां एका कठीण प्रश्नाकडे वळलें पाहिजे, आणि महाराष्ट्रांतील ब्राह्मण घरांनीं तर तो टाळूं नये. ज्यानें दुसऱ्याचा प्राण घेतला आणि मग स्वतः फांशीं गेला, तो हुतात्मा काय?

१९२८ सालच्या १७ डिसेंबरला लाहोरास साँडर्स या इंग्रज पोलीस अधिकाऱ्याचा वध झाला, आणि त्याच खटल्यांत भगतसिंग, राजगुरु व सुखदेव यांना फांशीची शिक्षा झाली, हें आपण विसरतां कामा नये. मग त्यांना आपण हुतात्मा कां म्हणतों? याचें सर्वांत विचारपूर्ण उत्तर १९३१ सालच्या कराची येथील काँग्रेसच्या अधिवेशनानें दिलें. त्या ठरावांत राजकीय हिंसेशीं आपला संबंध नाहीं व ती आपणांस नापसंत आहे असें स्पष्ट म्हटलें, आणि त्याबरोबरच त्या तिघांच्या शौर्याचा व त्यागाचा गौरव केला. म्हणजे कृत्य आणि आहुति या दोन गोष्टी वेगळ्या तोलल्या. १९२९ सालच्या ८ एप्रिलला दिल्लीच्या विधिमंडळांत बाँब टाकल्यावर भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त पळाले नाहींत. पकडले जाऊन न्यायालयांत आपलें म्हणणें मांडावें हाच त्यांचा हेतु होता. पुढें तुरुंगांतील कैद्यांच्या हक्कांसाठीं सर्वांनीं उपोषण केलें. त्यांत जतींद्रनाथ दास त्रेसष्टाव्या दिवशीं, १३ सप्टेंबर १९२९ रोजीं, मरण पावले. ही साक्ष होती, ही आहुति होती. जनतेनें जो शब्द दिला तो यासाठीं दिला. एका अधिकाऱ्यास ठार केल्याबद्दल नव्हे.

आणि हीच कसोटी ३० जानेवारी १९४८ या दिवसास लावावी. त्या दिवशीं प्रार्थनेस निघालेल्या एका निःशस्त्र वृद्धावर ज्यानें गोळ्या झाडल्या, तो आपल्याच भाषेचा आणि आपल्याच समाजाचा होता. त्यास हुतात्मा म्हणणारीं माणसें कधीं कुजबुजत, कधीं उघडपणें आढळतात. आम्ही निःसंकोचपणें म्हणतों, कीं हा शब्दाचा विपर्यास आहे. परकी सत्तेखालीं ज्यांचें तोंड बांधलेलें होतें त्यांची गोष्ट निराळी. स्वतंत्र देशांत सभा, लेखणी आणि निवडणूक हे सर्व मार्ग मोकळे असतां ज्यानें दुसऱ्याचा प्राण अग्नींत टाकला, त्यानें स्वतःचें कांहीं अर्पण केलें नव्हतें. त्यास पुढें फांशी झाली ती कायद्यानें दिलेली शिक्षा होती. शिक्षेला आहुति म्हणतां येत नाहीं. त्या दिवसाचा हुतात्मा एकच, आणि तो प्रार्थनेस निघालेला. त्यानंतर महाराष्ट्रांत ज्या निरपराध ब्राह्मण कुटुंबांचीं घरें जाळण्यांत आलीं, कांहींचे प्राणही गेले, त्यांचें दुःख खरें आहे व तें सांगण्याचा त्यांच्या वंशजांस हक्क आहे. परंतु तें दुःखही त्या मारेकऱ्यास हुतात्मा करूं शकत नाहीं.

बळी आणि हुतात्मा

त्या कुटुंबांतील मृतांना काय म्हणावें? येथें मराठीचा दुसरा शब्द कामास येतो, ‘बळी’. वैश्वदेवानंतर आपण भूतांना, पशुपक्ष्यांना जो अन्नाचा भाग ठेवतों तो बळी. त्याची संमति कोणी विचारीत नाहीं. भाषेनें हा भेद क्रियापदांतही जपला आहे: मनुष्य बळी ‘पडतो’ किंवा ‘दिला जातो’, हौतात्म्य तो ‘पत्करतो’. एकांत तो कर्म आहे, दुसऱ्यांत कर्ता.

हा भेद केल्यानें बळी पडलेल्याचा मान उणा होत नाहीं. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यांत पडलेल्यांचा आंकडा लोकांच्या तोंडीं ‘१०५ हुतात्मे’ असा बसला. पुढें आणखी नांवें जोडलीं जाऊन तो १०७ वर गेला. गोळी मोर्चेकरी कोण आणि वाटसरू कोण हें पाहून लागत नसते. एका ध्येयासाठीं जनता उठली असतां तिच्यांतील जो जो पडला, त्या सर्वांस १ मे १९६० रोजीं अस्तित्वांत आलेल्या महाराष्ट्रानें एकाच नांवाखालीं घेतलें, हें कृतज्ञ समाजास शोभणारेंच झालें. पण जेथें कोणतेंही ध्येय नाहीं, केवळ कोणाचा तरी हलगर्जीपणा आहे, तेथें मृतांस हुतात्मा म्हणणें घातक आहे. कोसळलेल्या पुलाखालीं सांपडलेला माणूस बळी आहे. आणि बळी म्हटलें, कीं लगेच प्रश्न उठतो, हा बळी कोणीं घेतला? हुतात्मा म्हटलें, कीं हार घातला जातो व तो प्रश्न फुलांखालीं दडपतो. जबाबदार माणसांस तेंच हवें असतें.

सैनिकाचा मान

शिपायांविषयीं एक गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. २०१७ सालीं केंद्रीय माहिती आयोगापुढें संरक्षण आणि गृह या दोन्ही मंत्रालयांच्या वतीनें सांगण्यांत आलें, कीं सैन्यांत किंवा पोलिसांत ‘मार्टर’ अथवा ‘शहीद’ अशी संज्ञाच नाहीं. युद्धांत वा कामगिरींत पडलेल्यांसाठीं त्यांच्या दप्तरीं वेगळे शब्द आहेत. २०२२ सालच्या फेब्रुवारींत सेनेच्या मुख्यालयानेंही आपल्या विभागांस हा शब्द न वापरण्याविषयीं लिहिलें. वरवर पाहतां हें कोरडें वाटेल. पण त्यामागें विचार आहे. श्रद्धेसाठीं किंवा मतासाठीं साक्ष देऊन मरणारा आणि कर्तव्यावर असतां लढून पडणारा यांत भेद आहे. शिपायास कमी लेखण्याचा येथें प्रश्नच नाहीं. त्याच्यासाठीं आपल्या भाषेनें आधींच ‘वीरगति’ आणि ‘धारातीर्थ’ हे शब्द घडवून ठेवले आहेत. खेड्यांतील वीरगळ पिढ्यान्‌पिढ्या ज्याची आठवण राखीत आले, त्याच परंपरेंतला तो वीर आहे. लोक प्रेमानें त्यास शहीद म्हणतात, त्यांना कोणी दोष देऊं नये. मात्र त्याच्या घरच्यांना निवृत्तिवेतन वेळेवर मिळतें कीं नाहीं, याची चौकशी करणारे शब्दांचा वाद घालणाऱ्यांहून त्या वीराचा अधिक मान राखतात.

घरांतील हौतात्म्य

शेवटीं आपल्या घराकडे वळूं. हुतात्मा शब्द घरांतही वावरतो. ‘उगाच हुतात्मा होऊं नकोस’, असें आपण थट्टेनें म्हणतों. ज्याचा त्याग मनापासूनचा नसतो, पण ज्यास त्याचा बोभाटा हवा असतो, त्यास हा टोला असतो. परंतु याहून गंभीर अशी एक गोष्ट मोठ्या एकत्र कुटुंबांत घडते. कोणा एकाचा त्याग सर्वांच्या सोयीचा असतो. थोरला भाऊ धाकट्यांसाठीं शिक्षण सोडतो. एखादी अविवाहित आत्या किंवा विधवा काकू जन्मभर घराचें सारें ओढते. थोरली सून आजारी सासऱ्यांच्या उशाशीं वर्षानुवर्षें जागते. मग सणासमारंभांत सर्वजण म्हणतात, ‘त्यांनीं या घरासाठीं केवढा त्याग केला!’ डोळे भरून येतात, आणि दुसऱ्या दिवसापासून ओझें त्यांच्याच खांद्यावर राहतें.

येथें आहुतीचीं तीं तीन अंगें पुन्हां आठवावींत. त्या व्यक्तीनें संकल्प केला होता काय? कीं घरानें तो तिच्या वतीनें करून टाकला? तिला ‘नाहीं’ म्हणण्याची मुभा होती काय? मुभा नसेल, तर ती आहुति नव्हे; तो बळी आहे, आणि बळीची स्तुति करणारे बळी घेणाऱ्यांपैकींच असतात. वीरगळांच्या शेजारीं पुष्कळ ठिकाणीं सतीशिळा उभ्या आहेत. त्यांवर बांगड्यांनीं भरलेला एक हात कोरलेला असतो. किती स्त्रियांवर सामाजिक जबरदस्ती होती, याची साक्ष तो दगड देत नाहीं. तो फक्त गौरव करतो. १८२९ सालीं बेंटिंकनें बंगाल इलाख्यांत सतीची चाल कायद्यानें बंद केली; पण ती चाल बंद झाली तरी तिचें कौतुक संपलें नाहीं, म्हणून १९८७ सालीं राजस्थानांत देवराळा येथील घटनेनंतर सतीचा उदोउदो करणें हाही गुन्हा ठरविणारा कायदा करावा लागला. त्या कायद्यानें एक मोठें सत्य ओळखलें आहे: जबरदस्तीच्या मरणास पवित्र नांव दिलें, कीं पुढच्या बळीची वाट मोकळी होते. घरांतल्या लहानसहान त्यागांसही हें सूत्र लागू आहे. ज्या काकूंची आपण स्तुति करतों, त्यांना आधीं विचारावें, कीं तुम्हांला काय हवें आहे. आणि उत्तर ऐकून कामाची वांटणी बदलावी.

तात्पर्य, हुतात्मा हा शब्द उच्चारण्यापूर्वीं तीन प्रश्न मनांत आणावेत: यानें हें स्वतःच्या इच्छेनें पत्करलें काय? यानें अर्पण केलें तें स्वतःचें होतें, कीं दुसऱ्याचें? आणि कशासाठीं? तिन्हींचें उत्तर समाधानकारक मिळालें, तर शब्द मुक्तकंठानें वापरावा. न मिळालें, तर वीर, बळी, मृत, पीडित असे सरळ आणि सन्मानाचे दुसरे शब्द मराठींत आहेत. ते वापरण्यांत कोणाचा अपमान नाहीं.

आणि मुलांना सांगतांना एवढें अवश्य करावें, कीं हुतात्मा कसा मेला याबरोबरच तो कशासाठीं उभा राहिला होता तेंही सांगावें. येत्या १२ डिसेंबरला घरांतील मुलांस बाबू गेनूची हकीकत सांगा. विलायती कापडावर लोकांचा एवढा राग कां होता आणि एक गिरणी-कामगार त्या ट्रकपुढें कां गेला, हें त्यांना समजावून द्या. त्या मुलानें पुढें कधीं ‘हुतात्मा म्हणजे काय?’ असें विचारलें, तर त्यास व्याख्या सांगण्याची गरज पडणार नाहीं.